लाकडी गलबत घडवताना: १:४८ प्रमाणातील मराठा युद्धनौकेची प्रतिकृती

लाकडी जहाजांच्या प्रतिकृतींचे जे तयार संच बाजारात मिळतात, ते बहुतेक युरोपीय जहाजांचे असतात. तीन डोलकाठ्या, शेकडो दोर, मागच्या बाजूला कोरीव खिडक्या असा तो पसारा पहिल्या कामाला झेपत नाही आणि वर्ष-वर्ष अर्धवट पडून राहतो. आपल्या किनाऱ्यावरचे गलबत मात्र पहिल्या मोठ्या प्रतिकृतीसाठी फार चांगले आहे. दोन डोलकाठ्या, एकच भले मोठे त्रिकोणी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही, एवढाच त्याचा संभार. कसोटी लागते ती जहाजाच्या अंगाच्या आकारात. तो आकार जमला तर पुढचे काम चिकाटीचे आहे. तो चुकला तर नंतर कितीही बारकावे जोडले तरी गलबत टोपलीसारखे दिसते.

आधी जहाज समजून घ्या

गलबतांचे सर्वात उपयोगी वर्णन अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यांनी आंग्र्यांच्या आरमाराबद्दल लिहिताना दिले आहे. गलबताची बांधणी गुराब या मोठ्या युद्धनौकेसारखीच, पण आकार लहान. मोठ्यात मोठे गलबतही सहसा ७० टनांच्या पुढे जात नसे. मागची डोलकाठी अगदी बारीक. पुढच्या मुख्य काठीवर एकच त्रिकोणी शीड आणि ते चढवले की त्याचे टोक डोलकाठीच्याही बरेच वर जाई. वजन कमी राहावे म्हणून बहुतेक गलबतांचा डेक चिरलेल्या बांबूचा असे. अशा गलबतांवर काठावर बसवलेल्या, फिरत्या खुंट्यांवरच्या छोट्या तोफाच असत. पक्क्या डेकवर दोन ते चार पौंडांचा गोळा फेकणाऱ्या सहा-आठ तोफा असत त्या फक्त मोठ्या गलबतांवर. वारा पडला की हीच गलबते वल्ही मारत गुराबांना ओढून नेत, म्हणून वल्ही न दाखवलेले गलबत अपुरेच.

गुराबेच्या नाळेबद्दल, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकाबद्दल, ऑर्म यांनी जे सांगितले आहे, ते प्रतिकृती करणाऱ्याने लक्षात ठेवावेच. नाळ भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी (वल्ह्यांवर चालणाऱ्या लांब जहाजासारखी) पुढे झेपावलेली असते आणि मुख्य डेकपासून ती एका आडव्या भिंतीने तोडलेली असते. नाळेवरच्या डेकला कठडा नसतो. समोरची लाट वर चढली तर पाणी अडून न राहता वाहून जावे, हे त्याचे कारण. अनेक प्रतिकृतींत नाळेभोवतीही सुबक कठडा दिसतो. तो दिसायला छान असतो, पण चुकीचा.

येथे बांबूच्या डेकचे, सुमारे ५५ टनांचे गलबत धरले आहे. १:४८ प्रमाणात त्याची एकूण लांबी ४२० मिमी, रुंदी ९० मिमी आणि मध्यभागी कण्याच्या (तळाच्या मध्यरेषेवरच्या लांब आधाराच्या) तळापासून डेकपर्यंतची उंची ३८ मिमी. या प्रमाणात १ फूट म्हणजे साधारण ६.३५ मिमी, तर माणूस सुमारे ३५ मिमी उंच. जाड पुठ्ठ्याचा ३५ मिमीचा एक माणूस कापून टेबलावर कायम उभा ठेवा. कठड्याची उंची, दोराची जाडी, वल्ह्याची लांबी यांबाबत शंका आली की तो शेजारी धरून पाहायचा. आकडेमोडीपेक्षा डोळ्याला चूक लवकर सापडते.

साहित्य

कण्यासाठी ६ मिमी आणि फासळ्यांसाठी, म्हणजे कण्यावर आडव्या बसून जहाजाला आकार देणाऱ्या तुकड्यांसाठी, ४ मिमी वॉटरप्रूफ प्लायवूड घ्या. कण्याला ४५० × १०० मिमी आणि फासळ्यांना साधारण ४५० × ३०० मिमी तुकडा पुरतो. प्लाय विकत घेताना सपाट फरशीवर ठेवून बघा. एक कोपरा जरी उचललेला असेल तर तो तुकडा कण्याला चालत नाही.

फळ्यांच्या पहिल्या थरासाठी स्टीम बीचच्या १.५ × ५ मिमी, ४५० मिमी लांब पट्ट्या लागतील. एका बाजूला १७ बसतात, तुटफूट धरून ४२ घ्या. प्लायवूडच्या दुकानांत स्टीम बीचच्या लिपिंग पट्ट्या (प्लायच्या कडा झाकायच्या) मिळतात. त्या सुताराकडून गोल करवतीवर चिरून घेता येतात. दुसऱ्या, दिसणाऱ्या थरासाठी ०.५ मिमी जाडीचे कच्चे व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, तेही बीचचे किंवा हेदूचे.

मूळ जहाजे सागाची, म्हणून प्रतिकृतीही सागाची करावी असे वाटणे साहजिक आहे. पण सागाची छिद्रे मोठी असतात. पाव मिलिमीटरचे छिद्र १:४८ प्रमाणात सव्वा सेंटिमीटर रुंदीची चर बनून दिसते आणि सगळी फळी खडबडीत भासते. बारीक, एकसारख्या रेषांचे लाकूड वापरून त्याला सागाचा रंग द्यावा, हे जास्त खरे दिसते. साग हवाच असेल तर तो स्टँडसाठी वापरा.

हत्यारांत बारीक दातांची फ्रेट सॉ, धारदार कटर, स्टीलची पट्टी, गुण्या, छोटा रंधा, सपाट आणि अर्धगोल कानस, ०.५ ते ३ मिमीची ड्रिल बिट्स आणि हाताने फिरवायचा पिन वाईस. कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे पन्नास तरी हवेत. पॉलिश पेपर ८०, १२०, १८० आणि २४० नंबरचे. जोडणीला फेविकॉल. फेविक्विकसारखा झटपट गोंद फक्त टाचण्यापुरता, कारण तो ठिसूळ असतो आणि त्याचा डाग पडलेल्या जागी लाकूड नंतर रंग पीत नाही.

कणा आणि फासळ्या

अकरा फासळ्या ३० मिमी अंतराने येतात. पहिली नाळेच्या टोकापासून ७० मिमीवर, शेवटची मागच्या टोकापासून ५० मिमी आत. डेकच्या पातळीवर मध्यरेषेपासून बाहेरच्या कडेपर्यंतची मापे, पुढून मागे, अशी धरा: २०, २८, ३४, ३९, ४३, ४५, ४५, ४४, ४१, ३६ आणि ३० मिमी. उंची मध्यभागी ३८, पहिल्या फासळीशी ४६, शेवटच्या फासळीशी ५० मिमी. मधल्या फासळ्यांची उंची लवचीक पट्टी या तीन बिंदूंवर वाकवून काढा. तळ सपाट नको. मधल्या फासळीत कण्यापासून ३० मिमी बाहेर जाईपर्यंत तळ १० मिमी वर चढतो आणि मग गोल वळून उभा होतो. पुढे जाताना हा आकार हळूहळू इंग्रजी व्हीसारखा निमुळता करायचा.

ही सगळी मापे फळ्यांच्या बाहेरची आहेत. फळ्यांचे दोन थर मिळून २ मिमी होतात, म्हणून प्लायवर फासळी आखताना कडेने सगळीकडून २ मिमी आत यावे लागते. हे विसरले तर रुंदी ९० ऐवजी ९४ होते. तेवढे एक वेळ चालेल, पण नाळेजवळ तोच फरक निमुळतेपणा मारून टाकतो.

प्रत्येक फासळीचा अर्धाच आकार कागदावर काढा, कागद मध्यरेषेवर दुमडून कापा आणि उलगडून प्लायवर चिकटवा. डावी-उजवी बाजू आपोआप सारखी येते. प्रत्येक फासळीच्या दोन्ही बाजूंना १५ मिमी उंच ‘कान’ ठेवा. कठड्याच्या फळ्या त्यांवर टेकतील आणि नंतर कान कापून टाकायचे. कण्यात वरून आणि फासळीत खालून अर्ध्या-अर्ध्या उंचीच्या खाचा करा. खाच बोटाने दाबल्यावर बसावी. हातोडी लागत असेल तर ती घट्ट आहे आणि अकरा घट्ट खाचा मिळून कणा वाकवतात.

जोडणी करताना कणा सपाट फळीवर, दोन सरळ पट्ट्यांच्या मध्ये पकडून उभा करा. प्रत्येक फासळी दोन दिशांनी गुण्याला लावून तपासा. फासळ्यांच्या मध्ये, कण्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे ठोकळे चिकटवा. सगळे ठोकळे नेमके सारख्या लांबीचे हवेत, नाहीतर कणा नागमोडी होतो. गोंद पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे निदान एक दिवस, सांगाडा हलवू नका.

फासळ्यांच्या कडा उतरवणे

याच टप्प्यावर गलबत ठरते आणि घाई होते तीही नेमकी इथेच.

फासळीची कड ४ मिमी जाड आहे आणि फळी तिच्यावरून तिरकी जाते. कड चौकोनी ठेवली तर फळी एका धारेवरच टेकते, गोंद धरत नाही आणि फळीवर बाहेरून उंचवटा उठतो. म्हणून प्रत्येक फासळीच्या कडेवर शिसपेन्सिलीने गच्च रेघोट्या मारा. १८ मिमी रुंद सपाट पट्टीवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून, एकाच वेळी दोन-तीन फासळ्यांवरून लांबीच्या दिशेने घासा. पहिल्या चार फासळ्यांत पुढची धार झिजते, शेवटच्या चारांत मागची. मधल्या तिघींत जवळजवळ काहीच नाही. रेघोट्यांचा शेवटचा पट्टा दुसऱ्या धारेशी केसाएवढा उरला की थांबा. तो पट्टाही गेला तर फासळी बारीक झाली असे समजा.

मग १.५ × ५ मिमीची एक पट्टी चाचणीसाठी घ्या. नाळेपासून मागेपर्यंत ती दोन बोटांनी हलकेच दाबून धरा आणि डोळा पट्टीच्या टोकाशी आणून लांबीने बघा. सगळ्या फासळ्यांना ती एकदम टेकली पाहिजे. एखादीवर उचलली जात असेल तर तिथे घासा. एखादीपाशी फट राहत असेल तर तिथे पातळ व्हिनियरची पट्टी चिकटवून पुन्हा घासा. ही तपासणी डेकची कड, पोटाचे वळण आणि कण्याजवळ अशा तीन पातळ्यांवर, दोन्ही बाजूंना करा. सांगाड्यात एक मिलिमीटरचा खड्डा राहिला तर तो बाहेर ४८ मिलिमीटरच्या खड्ड्यासारखा दिसतो, आणि पॉलिश केल्यावर उजेडात अधिकच उठून दिसतो.

पहिला थर

पहिली फळी डेकच्या कडेने, डेकची वर चढणारी रेषा धरून लावा. दुसऱ्या बाजूलाही लगेच तीच. त्यानंतर आळीपाळीने एक डावी, एक उजवी. एक बाजू आधी पुरी केली तर वाळताना गोंद आणि पट्ट्या मिळून कणा त्या बाजूला ओढतात. ती वाक नंतर कशानेही निघत नाही.

फळ्या निमुळत्या का कराव्या लागतात, हे एकदा हिशेबाने पाहा. मधल्या फासळीवर कठड्यापासून कण्यापर्यंतचा घेर सुमारे ८३ मिमी आहे. ५ मिमीच्या १७ पट्ट्या तिथे बसतात. पहिल्या फासळीवर तोच घेर साधारण ५६ मिमीच आहे. ५६ ला १७ ने भागले की ३.३ येतात. म्हणजे प्रत्येक पट्टी पुढच्या टोकाला ५ वरून ३.३ मिमीपर्यंत निमुळती व्हायला हवी. शेवटच्या फासळीवर घेर ७३ मिमी, म्हणजे ४.३ मिमी. तुमच्या सांगाड्यावर कागदाची पट्टी गुंडाळून घेर स्वतः मोजा आणि भागाकार करा. पट्टी निम्म्याहून बारीक होत असेल तर तिथे दोन पट्ट्यांच्या जागी एकच चालवा. फार बारीक केलेले टोक चिमट्यात तुटते.

निमुळती न करता पट्टी कडेकडेने जबरदस्तीने वळवली तर तिची एक कड उचलली जाते आणि पायऱ्या-पायऱ्यांचे अंग तयार होते. लाकूड जाडीच्या दिशेने वाकते, रुंदीच्या दिशेने वाकत नाही.

नाळेकडच्या वळणासाठी पट्टी गरम पाण्यात २०–३० मिनिटे भिजवा, सांगाड्यावर चिमट्यांनी बसवा आणि रात्रभर तशीच वाळू द्या. गोंद दुसऱ्या दिवशी, वाळलेल्या पट्टीला. बीच भिजल्यावर रुंदीने चांगलेच फुगते. ओलीच चिकटवली तर वाळताना आकसून प्रत्येक दोन फळ्यांमध्ये फट पडते. याच कारणाने कोकणात आणि मुंबईत हे काम ऐन पावसाळ्यात करणे टाळावे. दमट हवेत फुगलेल्या पट्ट्या चिकटवल्या तर दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत त्या आकसतात. जून ते सप्टेंबर तोफा, वल्ही, ठोकळे असली सुटी कामे करावीत.

सर्व फळ्या लागल्यावर ८०, १२० आणि १८० नंबरच्या पेपरने लांबीच्या दिशेने घासा. फटी भरायला त्याच लाकडाचा भुसा आणि फेविकॉल यांचा लगदा घ्या. डेक बसवण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत आतून मोबाईलची टॉर्च लावा. जिथून तांबूस उजेड झिरपतो तिथे फळी पातळ झाली आहे. तिथे घासणे थांबवून आतून व्हिनियरचा तुकडा लावा.

दुसरा थर

व्हिनियरच्या ४ मिमी पट्ट्या स्टीलच्या पट्टीला लावून कापा. एका दमात कापायला गेलात तर कटरची धार लाकडाच्या रेषेमागे भरकटते, म्हणून चार-पाच हलके हात फिरवा. खऱ्या फळ्या अखंड लांबीच्या नसत. प्रत्येक पट्टी १३० ते १४५ मिमीच्या तुकड्यांत लावा आणि सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका. मध्ये निदान तीन ओळी जाऊ द्याव्यात. पट्टी चिकटवण्याआधी तिच्या एका कडेवर २बी पेन्सिल फिरवा. फळ्यांमधल्या सांध्याची बारीक काळी रेष त्याने आपोआप उमटते. काळा रंग किंवा मार्कर नको, तो लाकडात पसरतो.

खिळे दाखवायचा मोह आवरा. या प्रमाणात ते ०.३ मिमीहून मोठे असू नयेत. सुईच्या टोकाने टोचलेला ठिपका पुरेसा.

बांबूचा डेक

हा भाग करताना हाताला सुख वाटते. फासळ्यांवर १५ मिमी अंतराने २ × २ मिमीच्या आडव्या तुळया बसवा, मध्यभागी किंचित उंच, म्हणजे पाणी दोन्ही कडांना जाईल. त्यांवर बांबूच्या कामट्या लांबीने येतात. पतंगाला लागतो तसला सरळ पेराचा बांबू घेऊन कटरने चिरत चिरत १ × ०.५ मिमीपर्यंत आणा. अगरबत्तीच्या कोऱ्या काड्याही चालतात, त्या एका बाजूने घासून सपाट कराव्या लागतात. बांबूच्या बाहेरच्या चकचकीत सालीवर गोंद धरत नाही. ती घासून काढा किंवा तो भाग वर ठेवा आणि खालचा चिकटवा. दर दुसऱ्या तुळईवर बारीक सुती दोऱ्याने आडवी बांधणी करा. पूर्ण डेक एकसंध, गुळगुळीत करू नका. कामट्यांच्या रुंदीत थोडा फरक राहिला की तो बांबूचा दिसतो.

पहिल्या फासळीपाशी आडवी भिंत उभी करा. तिच्या पुढचा नाळेचा डेक मात्र लाकडी फळ्यांचा आणि कठड्याविना.

वल्ही आणि तोफा

एका बाजूला २० वल्ही, १५ मिमी अंतराने. लांबी ११० मिमी, दांडी २ मिमी. चाळीस एकसारखी हवीत, म्हणून फळीत एक खाच करून सर्व त्यात ठेवून कापा. दांडीला बांबू उत्तम, कारण तो वाकत नाही. पाते निराळे करून खाचेत चिकटवा.

काठावरच्या तोफा प्रत्येक बाजूला चार पुरतात. ३ मिमी पितळी सळी ड्रिलमध्ये धरून फिरवा आणि कानशीने निमुळती करा, लांबी २० मिमी. तिला धरणारा काटा ०.८ मिमी तारेचा. काठाच्या पट्टीत त्याखाली ४ × ४ मिमीचा ठोकळा आतून चिकटवा. नुसत्या कठड्यावर तोफ टिकेल असे वाटत नाही आणि खऱ्या जहाजातही टिकली नसती.

डोलकाठ्या, शीड, दोर

मुख्य डोलकाठी बुडाशी ७ मिमी, टोकाला ५ मिमी, डेकवर २०० मिमी उंच आणि पुढे ८–१० अंश झुकलेली. मागची ४ मिमी आणि १३० मिमी. काठी चौकोनी तुकड्यापासून करा. चौकोन आधी अष्टकोनी, मग गोल. गोल दांडा आणून निमुळता करायला गेलात की तो बहुधा एकीकडे कलतो.

शिडाची लांब तिरकी काठी ३४० मिमी. ती दोन तुकड्यांची, मध्ये ८० मिमी एकावर एक चढवून दोऱ्याने सहा-सात ठिकाणी आवळलेली. शिडाला पातळ मलमल घ्या. ६० सेंमी रुंदीच्या कापडाचे पट्टे जोडल्यासारखे दिसावे म्हणून १२ मिमीवर पेन्सिलीच्या रेघा ओढा. शिवणयंत्राचा टाका इथे खूपच मोठा दिसतो. कडेला बारीक दोरा हाताने शिवा. कोऱ्या चहाच्या पाण्यात भिजवून पांढरेपणा घालवा. मग भाताच्या पेजेत बुडवून, फुग्यासारख्या फुगीर आधारावर वाळवले की वारा भरल्याचा आकार राहतो.

दोरासाठी सुती क्रोशाचा दोरा, जाड कामाला २० आणि बारीक कामाला ४० नंबर. मधमाशीच्या मेणावरून ओढून घ्या, म्हणजे तंतू बसतात. नायलॉन चमकतो, तो वापरू नका. युरोपीय जहाजांवर असतात तशा शिडीसारख्या दोरजाळ्या इथे नकोत. डोलकाठीला दोन्ही बाजूंना कप्प्यांनी ताणलेले तीन-तीन दोर पुरतात. लांब तिरक्या काठीचे शीड वाऱ्याप्रमाणे फिरवताना ते सैल करून हलवता येतात.

रंग आणि शेवट

पाण्याखालच्या भागाला अशा जहाजांवर चुना आणि चरबी-तेलाचा पांढुरका लेप देत. त्यासाठी मळकट पांढरा मॅट रंग द्या आणि वाळल्यावर २४० नंबरने हलके घासा. पाण्याची रेषा सपाट टेबलावर गलबत ठोकळ्यांवर सरळ बसवून, ठरावीक उंचीला बांधलेल्या पेन्सिलीने आखा. ही उंची कण्याच्या तळापासून २४ मिमी. वरच्या लाकडाला स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचे दोन-तीन पातळ हात द्या आणि शेवटी बारीक स्टील वूलने चमक मारा. कच्चे जवसाचे तेल टाळा. दमट हवेत ते कित्येक दिवस चिकट राहते आणि धूळ धरते.

काचेची पेटी करणार असाल तर ती पूर्ण बंद करू नका. तळाशी मागच्या बाजूला जाळी लावलेली दोन छोटी भोके ठेवा. प्लाय आणि गोंदातून निघणारी वाफ कोंडली की सुती दोर काही वर्षांत ठिसूळ होतात. पेटी थेट उन्हात येणाऱ्या भिंतीवर नको आणि बाहेरच्या, पावसात भिजणाऱ्या भिंतीला टेकूनही नको.